हागिवारांची बाग

सॅन फ्रान्सिस्कोच्या गोल्डन गेट पार्कमधल्या जपानी चहाबागेत गर्दी होते ती लाकडी कमानी पुलापाशी. पूल इतका उभा, की शिडीसारखा चढावा लागतो. सगळे तिथेच फोटो काढतात, मीही काढला. पण या बागेची खरी गोष्ट त्या फोटोत येत नाही.

1894 साली इथे मोठं प्रदर्शन भरलं होतं. त्यासाठी जॉर्ज टर्नर मार्श या जपानमध्ये राहून आलेल्या ऑस्ट्रेलियन व्यापाऱ्यानं एक ‘जपानी गाव’ वसवलं. प्रदर्शन उठलं की असली गावं मोडतात. हे टिकलं ते माकोतो हागिवारा या जपानी उद्यानकारामुळे. एकरभर जागा त्यानं सुमारे पाच एकरांवर नेली, जपानहून झाडं आणि मासे आणवले, पदरचा पैसा ओतला. कुटुंब बागेतच राहायचं. मधली काही वर्षं सोडली तर 1925 साली मरेपर्यंत तो इथेच राबला. पुढे त्याची मुलगी ताकानो आणि नातवंडं कारभार बघू लागली.

चहाबरोबर भविष्याची चिठ्ठी घातलेलं कुरकुरीत बिस्कीटही इथेच प्रथम दिलं गेलं, असं हे कुटुंब सांगे. लॉस एंजेलिसवाल्यांचा दावा वेगळा आहे, तो असो. आज ते बिस्कीट जगभर ‘चिनी’ म्हणून खपतं, याचं मात्र मला नवल वाटत राहिलं.

डिसेंबर 1941 मध्ये पर्ल हार्बरवर हल्ला झाला. फेब्रुवारीत राष्ट्राध्यक्ष रूझवेल्टनी हुकूम काढला आणि सुमारे 1 लाख 20 हजार जपानी वंशाच्या लोकांना घरांतून उठवून छावण्यांत धाडलं. त्यांतले दोनतृतीयांश जन्मानं अमेरिकन नागरिक होते! हागिवारांनाही जावं लागलं. त्यांचं बागेतलं घर पाडून टाकलं. घर होतं तिथे आता सखल भागातली एक छान हिरवी बाग आहे. लोक सुखानं टेकतात.

झाडं मात्र कुणी उपटली नाहीत. बाग हवी होती, चहा हवा होता, फक्त जपानी माणूस नको होता. पाटीवरचा ‘जपानी’ शब्द काढून ‘ओरिएंटल चहाबाग’ असं लिहिलं. बेळगावात वाढलेल्या माणसाला पाटीवरच्या नावाचं मोल वेगळं समजवावं लागत नाही. जुनं नाव परत आलं 1952 मध्ये. जपानहून आलेल्यांना अमेरिकेचं नागरिकत्व घ्यायची मुभाही त्याच वर्षी मिळाली. हागिवाराला ती उभ्या जन्मात मिळाली नव्हती.

बागेतला तो मोठा काशाचा बुद्ध 1790 चा. पण इथे आला 1949 मध्ये, म्हणजे हागिवारा गेल्यावर. पाहुण्यांना तो बागेचा मूळपुरुष वाटतो.

हागिवारांची आठवण सांगणारा फलक लागला तो 1974 मध्ये. तो रूथ असावा या शिल्पकर्तीनं घडवला. ती स्वतः मुलगी असताना छावणीत होती.

जाताना हागिवारांनी आपले खुजे वृक्ष एका परिचित उद्यानरचनाकाराकडे सोपवले होते. हात बदलत बदलत ते 1960 च्या दशकात बागेत परत आले. धबधब्याजवळच्या उतारावर ते अजून उभे आहेत.