तीन खुंटांची गोष्ट

मागच्या वर्षी ताई लेबर रूममध्ये होती आणि मी बाहेरच्या बाकड्यावर लॅपटॉप मांडीवर घेऊन फ्रेंच क्लायंटचा बग सोडवत होतो. (हो, आईच्या शिव्या खाल्ल्या.) त्यांच्या मेलमध्ये 'त्राव्हाय', म्हणजे काम, हा शब्द सारखा यायचा. नंतर कळलं, दाराच्या आत चाललं होतं त्यालाही फ्रेंच माणूस 'त्राव्हाय'च म्हणतो!

मग शोधत बसलो. स्पॅनिशमध्ये हाच शब्द 'त्राबाखो', पोर्तुगीजमध्ये 'त्राबाल्यो'. दोन्हीकडे अर्थ काम. इटालियनमध्ये मात्र कामाला 'लाव्होरो' म्हणतात आणि 'त्राव्हाल्यो' म्हणजे यातना, बाळंतपणाच्या कळा. त्याच इटलीत खाली सिसिलीला जा, 'त्राव्हाग्यारी' म्हणजे चक्क काम करणे.

याचं मूळ सांगतात ते लॅटिन 'त्रिपालियुम', तीन खुंट. सहाव्या शतकाच्या शेवटी-शेवटी फ्रान्समधल्या ओसेरच्या धर्मसभेने पाद्र्यांना बजावलं होतं, की आरोपींना छळतात त्या खुंटांपाशी उभं राहू नका. शिवाय नाल ठोकताना अडेल घोड्याला ज्या लाकडी चौकटीत अडकवतात, तिलाही फ्रेंचमध्ये त्राव्हायच म्हणतात.

झालं, "बघा, काम म्हणजे छळ!" म्हणून सोमवारी फॉरवर्ड करायला मसाला तयार. मला हे इतकं सरळ वाटत नाही. एक तर काही भाषातज्ज्ञांना हे मूळच मान्य नाही. ते तुळईसाठी असलेल्या लॅटिन शब्दाकडे बोट दाखवतात. आणि दुसरं म्हणजे, छळावरून शब्द एकदम ऑफिसात आलेला नाही. मध्ये बराच काळ त्याचा अर्थ 'कष्ट, हालअपेष्टा' असा होता. सर्व्हांतेसची शेवटची कादंबरी 1617 मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर आली. तिच्या नावातले 'त्राबाखोस' म्हणजे नायक-नायिकेच्या नोकऱ्या नव्हेत, त्यांनी सोसलेले हाल. इंग्रजीतला 'ट्रॅव्हल' याच घरातला. तेव्हाचा प्रवास म्हणजे हालच की!

पण खरी गंमत रुमानियनची. भाषा लॅटिनच्याच कुळातली, पण कामाला 'मुंका' हा शब्द शेजारच्या स्लाव्ह लोकांकडून घेतलेला. आणि त्या स्लाव्ह शब्दाचा मूळ अर्थ? यातना! म्हणजे खुंट नसले तरी गाडी त्याच स्टेशनवर. इथे मात्र माझा युक्तिवाद जरा लंगडा पडतो, कबूल.

असो. बग पहाटे साडेतीनला सुटला, भाची चारला आली. परवा हे सगळं ताईला ऐकवलं, तर म्हणाली, "शब्द एकच असेल रे, पण तू मध्ये दोनदा चहाला गेला होतास."