मद्रासने गप्प केलेला ब्रेक

सिग्नल जवळ येतो, गाडीचा वेग दहा-पंधरावर उतरतो आणि पुढच्या चाकातून कुईकुई, घरघर किंवा टकटक असा काहीतरी आवाज येऊ लागतो. हमरस्त्यावर साठच्या वेगात ब्रेक दाबला तर मात्र काहीच ऐकू येत नाही. ही तक्रार घेऊन गॅरेजात येणारा प्रत्येक जण मनाशी एक गोष्ट धरून चाललेला असतो: चांगला ब्रेक मुका असतो, वाजणारा ब्रेक बिघडलेला असतो. या समजुतीला इतिहास आहे, आणि भारतापुरता त्यातला बराचसा भाग चेन्नईत, म्हणजे तेव्हाच्या मद्रासच्या पाडी आणि अंबत्तूर या उपनगरांत घडला. माझे म्हणणे असे की ब्रेकची शांतता हा त्याचा जन्मजात गुण कधीच नव्हता. ती एका विशिष्ट पदार्थातून विकत घेतलेली होती आणि त्या पदार्थाची किंमत दुसऱ्याच कोणीतरी मोजली. आज ऐकू येणारा आवाज हा पुष्कळदा तो पदार्थ गेल्याचा परिणाम आहे. म्हणून तो दाबून टाकण्याआधी ओळखायला शिकले पाहिजे.

मुळात ब्रेक वाजायचाच. इंग्लंडमध्ये फ्रेडरिक लँचेस्टर यांनी १९०२ साली डिस्क ब्रेकचे पेटंट घेतले. त्यात फिरणाऱ्या चकतीला तांब्याचे तुकडे दोन्ही बाजूंनी चिमटीत धरत. कल्पना शंभर वर्षे टिकेल इतकी पक्की होती, पण धातूवर धातू घासून असा कर्कश आवाज निघे की गिऱ्हाईक हैराण होई. त्यावर उपाय निघाला तो हर्बर्ट फ्रूड यांच्याकडून. फ्रूड यांनी १८९७ मध्ये घर्षणाच्या अस्तरांचा उद्योग सुरू केला होता. १९०७ च्या सुमारास त्यांनी ब्रेकसाठी ॲस्बेस्टॉसचे अस्तर वापरायला सुरुवात केली आणि किंचाळणे थांबले. हा पदार्थ उष्णतेला दाद देत नाही, स्वस्त आहे, आणि त्याचे तंतू राळेत बसले की धातूला न ओरबाडता धरून ठेवतात. पण आवाजाचे कारण काही नाहीसे झाले नव्हते. वेग कमी होत जातो तसे घर्षण वाढते. पॅड चकतीला क्षणभर चिकटतो, सुटतो, पुन्हा चिकटतो. ही चिकटण्या-सुटण्याची आंदोलने सगळ्या जोडणीला थरथरवतात. १९३८ मध्ये एच. आर. मिल्स यांनी या किंचाळण्यावर संशोधन केले. साठच्या दशकाच्या सुरुवातीला संशोधक स्पर यांनी दाखवून दिले की नुसत्या घर्षणाला दोष देऊन भागत नाही, सुटे भाग एकमेकांशी कोणत्या कोनात बसले आहेत तेही पाहावे लागते. मऊ अस्तराने ही थरथर गिळून टाकली, एवढेच.

मद्रासमध्ये मोटारीचा धंदा जुना. सिम्प्सन कंपनीच्या सॅम्युएल ग्रीन यांनी १९०३ मध्ये तिथे वाफेवर चालणारी मोटार बांधली होती. टी. व्ही. सुंदरम अय्यंगार यांनी १९१२ मध्ये तंजावर-पुदुक्कोट्टई बस सुरू केली आणि पुढे त्यांच्या घराण्याने सुट्या भागांच्या उद्योगाचा पसारा उभा केला. तरीही स्वातंत्र्यापर्यंत ब्रेकचे अस्तर बोटीने येत होते. खरा पालट झाला तो १९५३ च्या टॅरिफ कमिशनच्या अहवालानंतर. ज्यांना इथे गाडी बनवायची नाही, नुसती जोडायची आहे, त्यांना थारा नको असे धोरण ठरले, फोर्ड आणि जनरल मोटर्स यांनी गाशा गुंडाळला आणि सुटे भाग देशातच बनवणे भाग पडले. एन्नोरला अशोक मोटर्स १९४८ पासून उभी होती, १९५५ मध्ये ती अशोक लेलँड झाली. आपल्याकडच्या कित्येक एसटी गाड्यांच्या सांगाड्यांचे मूळ तिथलेच. तिरुवोत्तियूरला त्याच १९५५ मध्ये एनफिल्डची बुलेट तयार होऊ लागली. मग पाडीत १९६२ मध्ये ब्रेक्स इंडिया आली, गर्लिंग या ब्रिटिश ब्रेक-कंपनीच्या तंत्रज्ञानावर. त्याच वर्षी हवेच्या दाबाचे ब्रेक बनवणारी सुंदरम-क्लेटन आली. १९६४ मध्ये राणे ब्रेक लायनिंग्ज, १९७४ मध्ये सुंदरम ॲबेक्स. एका शहराच्या पश्चिमेकडच्या पट्ट्यात बारा वर्षांत देशाच्या ब्रेकचा मोठा हिस्सा तयार होऊ लागला, आणि त्या काळच्या जगभरच्या रिवाजाप्रमाणे अस्तरात ॲस्बेस्टॉस होते.

या कारखान्यांच्या खाली आणखी एक मद्रास होते: जनरल पॅटर्स रोडवरची सुट्या भागांची दुकाने, पुदुपेट्टईतला जुन्या गाड्या सोडवून त्यांचे भाग विकणारा बाजार, आणि गल्लोगल्लीची गॅरेजेस. ड्रम ब्रेकच्या त्या काळात आवाजाची चौकशी हातानेच व्हायची. ड्रम उतरवायचा, लायनर पाहायचा. पृष्ठभाग आरशासारखा चकाकला असेल तर अतिउष्णतेने तो भाजून गुळगुळीत झाला आहे, पॉलिश पेपर मारून तो खरबरीत करायचा. लायनर ज्यावर बसतो त्या ब्रेक-शूची पुढची कड ड्रमला आधी टेकून ओढली जात असेल तर ती घासून उतरती करायची. लायनर झिजून रिवेटची डोकी वर आली असतील तर ड्रमच्या आतल्या भिंतीत गोल रेघा पडलेल्या दिसतात. मग ड्रम लेथवर कातून घ्यायचा आणि नवा लायनर बसवायचा. ही कामे आजही बरोबर ठरतात. बरोबर नव्हती ती अगदी पहिली पायरी: ड्रममधली काळी-करडी भुकटी तोंडाने किंवा हवेच्या पाइपने फुंकून टाकणे. गिऱ्हाइकाला शांत ब्रेक मिळत होता आणि भुकटी गॅरेजातल्या पोराच्या छातीत जात होती.

यावर दोन आक्षेप येतील, आणि दोन्ही विचारात घेण्यासारखे आहेत. पहिला असा की ॲस्बेस्टॉस शांततेसाठी नव्हे, उष्णता सोसते म्हणून वापरले गेले. हे बऱ्याच अंशी खरे आहे. घाट उतरणाऱ्या बसला आवाजापेक्षा ब्रेक न भाजण्याची गरज जास्त. पण ॲस्बेस्टॉस सगळ्यांच्या अंगवळणी पडले ते शांततेमुळेच. बसचालकाला जे अस्तर हवे होते तेच घरगुती गाडीवाल्यालाही आवडले, आणि वाजणारा ब्रेक म्हणजे निकृष्ट ब्रेक ही मोजपट्टी तिथून पक्की झाली. दुसरा आक्षेप आरोग्याचा. ब्रेकमधले तंतू उष्णतेने बरेचसे बदलून जातात, आणि गॅरेजमधल्या कामगारांच्या कर्करोगाविषयीचे पुरावे कारखान्यातल्यांइतके ठाम नाहीत. हेही खरे. परंतु नवे अस्तर भोके पाडताना, घासताना, कड उतरवताना उडणारी धूळ भाजलेली नसते, कच्चीच असते. ॲस्बेस्टॉस कर्करोगकारक आहे असे आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने सत्तरच्या दशकातच सांगितले होते. १९९५ मध्ये आपल्या सर्वोच्च न्यायालयाने ॲस्बेस्टॉस कामगारांच्या आरोग्याचा हक्क जगण्याच्या हक्काशी जोडला. युरोपीय संघाने २००५ पासून ते पूर्ण बंद केले. भारतात खाणकाम थांबले तरी आयात चालूच राहिली, याची मला चीड येते. इतके दिवस आपण शांततेचा हिशेब मांडलाच नाही.

चेन्नईत कर्कश आवाज पुन्हा ऐकू येऊ लागला तो डिस्क आणि ॲस्बेस्टॉसविरहित पॅड यांच्या सोबतीने. १९९८ मध्ये श्रीपेरुंबुदूरजवळ ह्युंदाईची सँट्रो बाहेर पडली, पुढच्या चाकांना डिस्क घेऊन. पाठोपाठ शहरभर उघड्या चकत्या फिरू लागल्या, आणि हे शहर समुद्राच्या काठावर आहे. ऑक्टोबर ते डिसेंबरच्या पावसात रात्रभर उभ्या गाडीच्या ओतीव लोखंडी चकतीवर गंज धरतो, आणि सकाळी पहिले चार-सहा ब्रेक घरघरतात. तो आवाज पॅड स्वतःच पुसून टाकतो, त्यासाठी पॅड बदलणे म्हणजे पैसे पाण्यात. बारीक, उंच किंचाळी दाबाबरोबर बदलत असेल तर पॅडचा पृष्ठभाग, मागचा पातळ पत्रा आणि पॅड चकतीवर दाबणाऱ्या कॅलिपरच्या सरकत्या पिना पाहाव्यात. जाडसर करकर असेल, तर पॅड संपून लोखंड लोखंडाला लागते आहे का ते आजच्या आज पाहावे. कित्येक पॅडना तर मुद्दाम एक लवचीक पट्टी लावलेली असते. दोन-तीन मिलिमीटर जाडी उरली की ती चकतीला टेकते आणि किंचाळते. ज्या उद्योगाने अर्धशतक आवाज घालवण्यात खर्च केले, त्यानेच आवाज हे इशाऱ्याचे साधन म्हणून पुन्हा बसवले. माझ्या मते या सगळ्या इतिहासातली ही सर्वांत शहाणी गोष्ट आहे.

कमी वेगातच हे सगळे का कळते, याचे उत्तर सोपे आणि सुंदर आहे. चेन्नईच्या रस्त्यावर दहा किलोमीटरच्या वेगाला गाडीचे चाक सेकंदाला साधारण दीड फेरा घेते, साठला जवळजवळ नऊ. दीड फेरा कानाला मोजता येतो. फेऱ्यागणिक एकदा येणारा 'खर्र' म्हणजे चकती वाकडी किंवा ड्रम लांबट झाला आहे, अखंड येणारा आवाज म्हणजे काहीतरी सतत घासते आहे. ब्रेक लावताच एकदाच 'टक' झाले आणि गाडी मागे घेताना पुन्हा झाले, तर कॅलिपर सैल आहे किंवा सस्पेन्शनचे रबरी बुश गेले आहे. ब्रेक न लावताही येणारी घरघर वळणावर वाढत असेल, तर संशय बेअरिंगवर जातो. या भेदांना उपकरण लागत नाही, हळू चालवण्याची तयारी लागते.

म्हटले जाईल की आता स्कॅनर आहे, कानाचे काय काम? २०१९ च्या एप्रिलपासून गाड्यांत एबीएस, म्हणजे ब्रेक लावताना चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा, सक्तीचे आहे आणि प्रत्येक चाकाचा वेग सेन्सर मोजतो. पण तो मोजतो, ऐकत नाही. उलट एक नवा आवाज त्यानेच आणला. सेन्सरखाली किंवा त्याच्या दातेरी कड्यावर गंज साठला, तर थांबण्याच्या बेतात असलेले चाक सरकले असे यंत्रणेला वाटते, आणि पायाखाली ठकठक होत पेडल थरथरते. डॅशबोर्डवर दिवा लागेलच असे नाही. पॅड बदलून, चकती कातूनही आवाज जात नाही, आणि मग सगळा धंदा बदनाम होतो. खाऱ्या हवेच्या शहरात ही शक्यता पहिल्या पाचांत धरावी लागते.

यापुढे तर हा आवाज आणखी वाढेल असे मला वाटते. ह्युंदाईने २०१९ मध्ये विजेवरची कोना चेन्नईतच जोडायला घेतली. विजेच्या गाडीत वेग कमी करण्याचे बरेच काम मोटारच करते आणि पॅड क्वचित लागतात, मुख्यतः वेग अगदी दहा किलोमीटरच्या खाली आल्यावर. न वापरलेली चकती गंजत राहते, आणि तिच्यावर पॅड टेकतो तो नेमका त्या वेगाला जिथे घर्षण सर्वांत चिकट असते. आवाज झाकणारे इंजिनही तिथे नसते. पाडीने एकेकाळी गप्प केलेली तक्रार आता श्रीपेरुंबुदूरच्या नव्या गाड्या पुन्हा गॅरेजात घेऊन येतील, आणि ती ऐकून वेगळी ओळखू शकेल असा मेकॅनिक तिथे हवा.