पोत (पेन्सिल-चित्रणातील)

पृष्ठभाग खरखरीत, तुकतुकीत की केसाळ, हे हाताला कळणारे ज्ञान ग्रॅफाइटच्या गडद-फिकट छटांनी डोळ्यांना करून देण्याचे तंत्र. महाराष्ट्रात अनेकांची त्याच्याशी पहिली ओळख एलिमेंटरी व इंटरमिजिएट या शासकीय रेखाकला परीक्षांसाठी वस्तुचित्राचा सराव करताना होते.

पोत दिसतो तो प्रकाशामुळे. तिरपा उजेड भिंतीच्या प्रत्येक उंचवट्यामागे सावली पाडतो. समोरून झगझगीत उजेड आला की तीच भिंत सपाट भासते. गोलाकार वस्तूवर उजेड आणि सावली यांच्या मधल्या पट्ट्यात पोत सर्वांत स्पष्ट असतो, तर प्रखर उजेडात व दाट सावलीत तो विरतो. नवशिके हे न पाहता सगळ्या वस्तूवर सारखीच खरखर भरतात आणि तिची गोलाई हरवते. हा दोष हाताचा कमी, निरीक्षणाचा अधिक.

घासूनपुसून लख्ख केलेल्या तांब्यावर काळी छटा आणि कोरा कागद एकमेकांना खेटून येतात; त्यांच्या कडा तीक्ष्ण असतात आणि खिडकीचे प्रतिबिंब त्यात वाकलेले दिसते. मातीच्या मडक्यावर छटा सावकाश उतरत जाते, लखलखता ठिपका कुठेच नसतो. धातू आणि माती यांतला फरक दाखवायला प्रामुख्याने हे छटांतर पुरते.

पेन्सिलचे ‘शिसे’ म्हणजे ग्रॅफाइट व चिकणमाती यांचे भाजलेले मिश्रण. नीकोला-झाक काँते याने १७९५ मध्ये फ्रान्समध्ये त्याचे पेटंट घेतले. माती जास्त तर रेघ कठीण व फिकी (एच), ग्रॅफाइट जास्त तर मऊ व काळी (बी). मऊ पेन्सिलचे दाट थर चकाकतात. मखमलीसारखा निस्तेज काळा रंग हवा असेल तर कोळशाची पेन्सिल बरी. पांढऱ्या केसांसाठी बोथट टोकाने कागदावर आधी रेघा दाबून घेतात. वरून पेन्सिल आडवी फिरवली की त्या पांढऱ्या उरतात. छटा बोटाने पुसू नये, त्वचेच्या तेलाचे डाग पडतात. कागदी स्टंप वापरावा.

अँग्र या फ्रेंच चित्रकाराने रोममध्ये काढलेल्या पेन्सिल-व्यक्तिचित्रांत चेहरा बारकाईने छटांकित असतो, वस्त्रे मात्र मोजक्या रेघांची. तरीही कापडाचा पोत जाणवतो. माक्स एर्न्स्ट या चित्रकाराने १९२५ मध्ये लाकडी फळ्यांवर कागद ठेवून वरून पेन्सिल घासली व पोत थेट उचलला. ‘फ्रोताज’ नावाच्या या पद्धतीत उंचसखलपणाचा ठसा उमटतो, वस्तूवरचा प्रकाश त्यात येत नाही.