लघुएंजिन-निर्मिती
मोठ्या एंजिनाच्या तत्त्वांवर चालणारे, परंतु आकारमानाने लहान असे एंजिन घरगुती कर्मशाळेत हाताने किंवा लहान यंत्रांच्या साहाय्याने तयार करण्याच्या तंत्रास ही संज्ञा लावतात. नुसती बाह्य प्रतिकृती व लघुएंजिन यांत मूलभूत फरक आहे. प्रतिकृतीत केवळ आकार व प्रमाण यांचे साम्य अपेक्षित असते. लघुएंजिनात मात्र वाफेच्या किंवा ज्वलनवायूच्या दाबाने दट्ट्या प्रत्यक्ष सरकावा लागतो व त्यापासून कार्य मिळावे लागते. या निर्मितीकडे आता मुख्यत्वे छंद म्हणून पाहिले जाते. तथापि वाफ एंजिनाच्या विकासकाळात लहान चालते एंजिन हे संशोधनाचे साधन होते आणि भारतात ते नवी यंत्रविद्या आत्मसात करण्याचा एक महत्त्वाचा मार्ग ठरले. मुंबईतील अर्देशीर कर्सेटजी वाडिया (१८०८–७७) यांचे कार्य हे त्याचे ठळक उदाहरण होय.

यूरोपातील प्रारंभ : ग्लासगो विद्यापीठात न्यूकोमेन वाफ एंजिनाचे एक लहान एंजिन अध्यापनासाठी ठेवलेले होते. ते दुरुस्त करण्याचे काम १७६३-६४ च्या हिवाळ्यात जेम्स वॉट यांच्याकडे आले. त्याच्या सिलिंडराचा व्यास सु. ५ सेंमी. व दट्ट्याची धाव सु. १५ सेंमी. होती. दुरुस्तीनंतरही काही धावा होताच ते थांबे, कारण त्याचे बाष्पित्र पुरेशी वाफ पुरवू शकत नसे. न्यूकोमेन एंजिनात प्रत्येक धावेस सिलिंडरात थंड पाणी फवारून वाफेचे संघनन करीत. त्यामुळे थंड झालेला सिलिंडर पुन्हा तापविण्यातच पुढच्या वाफेचा मोठा भाग खर्ची पडे. हा दोष मोठ्या एंजिनातही होता, पण लहान एंजिनात तो अधिक तीव्रतेने दिसला. त्यातून १७६५ मध्ये स्वतंत्र संघनकाची कल्पना वॉट यांना सुचली व १७६९ मध्ये त्यांनी तिचे एकस्व (पेटंट) घेतले. पुढे विल्यम मर्डॉक यांनी १७८४ च्या सुमारास कॉर्नवॉलमध्ये रस्त्यावर चालणारी लहान तीनचाकी वाफेची गाडी तयार केली. रिचर्ड ट्रेव्हिथिक यांनीही १८०१ मध्ये पूर्णाकृती वाफेची गाडी चालविण्यापूर्वी लहान गाड्यांवर प्रयोग केले होते.

प्रमाणाचा प्रश्न : एंजिनाची सर्व मापे एक-दशांश केली, तर पृष्ठफळ शंभरावा व घनफळ हजारावा भाग होते. म्हणजेच घनफळाच्या मानाने उष्णता गमावणारे पृष्ठफळ दसपट वाढते. घर्षण व फटींमधून होणारी वाफेची गळती यांचे प्रमाणही लहान एंजिनात जास्त पडते. शिवाय पाण्याच्या व वाफेच्या गुणधर्मांना प्रमाण लावता येत नाही. म्हणून मोठ्या एंजिनाचा आराखडा जसाच्या तसा लहान करून भागत नाही. वाफेचे मार्ग, झडपांची रुंदी व बाष्पित्राचे तापनक्षेत्र यांचा विचार नव्याने करावा लागतो. लघुएंजिन बनविणाऱ्यास एंजिनाचे तत्त्व खरोखर उमगले आहे की नाही, याची कसोटी येथेच लागते.

भारतातील प्रारंभ : श्रीरामपूर (बंगाल) येथील मिशनऱ्यांनी १८२० मध्ये कागदाच्या गिरणीसाठी इंग्लंडहून वाफ एंजिन आणविले. ते पाहून जवळच्या टिटागढ येथील गोलकचंद्र या लोहाराने यूरोपीय कारागिरांच्या मदतीशिवाय एक लहान वाफ एंजिन तयार केले. कलकत्त्यात कृषी व उद्यानविद्या संस्थेने जानेवारी १८२८ मध्ये भरविलेल्या प्रदर्शनात ते मांडण्यात आले व त्याबद्दल गोलकचंद्रांना ५० रुपयांचे पारितोषिक मिळाले. पाहून व हाताळून यंत्र उभे करण्याची पात्रता देशी कारागिरांत होती, हे या घटनेने दिसून आले. मात्र त्या पात्रतेस भांडवल, ओतशाळा व मागणी यांचा आधार लाभला नाही.

अर्देशीर कर्सेटजी : मुंबईत परिस्थिती काहीशी निराळी होती. सुरतेहून १७३६ मध्ये आलेल्या लवजी नसरवानजी वाडिया यांच्या घराण्याकडे मुंबई गोदीतील जहाजबांधणीचे काम पिढ्यान्‌पिढ्या होते. सागवानी जहाजांबद्दल या घराण्याची मोठी ख्याती होती. परंतु वाफेच्या आगमनाने तिच्या मुळालाच धक्का बसण्याची चिन्हे दिसू लागली. १८२९ मध्ये मुंबईत बांधलेली ‘ह्यू लिंडसे’ ही आगबोट १८३० मध्ये सुएझला गेली. तिचा सांगाडा मुंबईचा होता, तर एंजिने ब्रिटनहून आलेली होती. जहाजाचे महत्त्व लाकडी सांगाड्याकडून एंजिनाकडे सरकत असताना एंजिन बांधण्याची विद्या आपल्या हाती नसणे म्हणजे हळूहळू व्यवसायच हातातून जाणे होते.

अर्देशीर यांचा जन्म ६ ऑक्टोबर १८०८ रोजी मुंबईत झाला. चौदाव्या वर्षी ते वडिलांच्या हाताखाली गोदीत काम शिकू लागले. जहाजबांधणीपेक्षा त्यांचा ओढा यंत्रांकडे अधिक होता. त्यांनी आपल्या घरी लहानशी ओतशाळा काढली व एक अश्वशक्तीचे वाफ एंजिन तयार केले. विहिरीचे पाणी उपसून बागेतील कारंज्यास पुरविण्याचे काम ते करीत असे. मोट व रहाट यांनी पाणी काढण्याच्या त्या काळात खाजगी आवारात चालणारे हे एंजिन म्हणजे नवलाचीच गोष्ट होती. १८३३ मध्ये त्यांनी ‘इंडस’ ही ६० टनी सागरगामी नौका बांधली व तीस वाफ एंजिन बसविले. १८३४ मध्ये माझगाव येथील आपला बंगला व बाग त्यांनी वायुदिव्यांनी उजळून दाखविली. वायू तयार करण्याचे उपकरणही स्वखर्चाने उभारलेले होते. मुंबईच्या गव्हर्नरांनी या प्रयोगाची दखल घेऊन त्यांचा सन्मान केला.

वाफेच्या यंत्रविद्येचा अधिक अभ्यास करण्यासाठी ते १८३९ मध्ये इंग्लंडला गेले. या प्रवासाची त्यांची इंग्रजी दैनंदिनी १८४० मध्ये लंडन येथे प्रसिद्ध झाली. २७ मे १८४१ रोजी ते लंडनच्या रॉयल सोसायटीचे सदस्य निवडले गेले. हा मान मिळविणारे ते पहिले भारतीय होत. त्यानंतर श्रीनिवास रामानुजन यांची निवड होईपर्यंत (१९१८) दुसऱ्या भारतीयास तो मिळाला नाही. त्यांच्या शिफारशीत शोधनिबंधांऐवजी मुंबईत वायुदीपन आणणे, उपयुक्त कलांच्या प्रसारासाठी पदरमोड करणे व नौकेची यंत्रसामग्री स्वतः घडवून बसविणे या गोष्टींचा उल्लेख होता. हाताने केलेल्या कामास विद्वत्तेच्या बरोबरीचे स्थान मिळाल्याचे हे लक्षणीय उदाहरण आहे.

१८४१ मध्येच ईस्ट इंडिया कंपनीने त्यांना मुंबईच्या वाफ एंजिन कारखान्याचे व ओतशाळेचे मुख्य अभियंता व यंत्रनिरीक्षक नेमले. यूरोपीय कामगार भारतीय अधिकाऱ्याच्या हाताखाली आल्याने या नेमणुकीवर टीकाही झाली. तरी अर्देशीर १८५७ पर्यंत या पदावर राहिले. १८४९ मध्ये त्यांनी अमेरिकेस भेट दिली. १८५१ मध्ये त्यांनी ‘लवजी फॅमिली’ ही आगबोट जलावतरित केली. शिवणयंत्र, छायाचित्रण व विद्युत्‌ विलेपन यांचा मुंबईस परिचय करून देण्याचे श्रेयही त्यांना दिले जाते. उत्तरायुष्यात ते इंग्लंडमध्ये स्थायिक झाले व १६ नोव्हेंबर १८७७ रोजी रिचमंड येथे निधन पावले. भारतीय टपाल खात्याने १९६९ मध्ये त्यांच्या स्मरणार्थ तिकीट काढले.

छंदाचे स्वरूप : इंग्लंडमध्ये १८९८ च्या जानेवारीत पर्सिव्हल मार्शल यांनी मॉडेल एंजिनिअर हे नियतकालिक सुरू केले व त्याच वर्षी लंडनमध्ये छांदिष्टांची संस्था स्थापन झाली. ओतीव भागांचे संच व आराखडे विकत मिळू लागल्याने स्वतःची ओतशाळा नसलेल्यांनाही हे काम शक्य झाले. १९२० नंतरच्या दशकात ‘एल. बी. एस. सी.’ या टोपणनावाने लिहिणाऱ्या लेखकाने कोळशावर चालणारे अगदी लहान रेल्वे एंजिनही प्रौढ माणसास ओढू शकते, हे सिद्ध केले. पुढे लहान पेट्रोल एंजिनेही घरी बनू लागली.

बांधणी : वाफेच्या लघुएंजिनात प्रथम बिडाचा किंवा काशाचा ओतीव सिलिंडर लेथवर आतून कातून गुळगुळीत व तंतोतंत गोल करतात. दट्ट्या त्यात सहज, परंतु वाफ न गळता सरकला पाहिजे. सरक झडप व तिची बैठक घासून सपाट करतात. मुख्य दंडावर बसविलेल्या विकेंद्री चकतीने झडपेस गती मिळते व चकतीच्या कोनावर वाफ आत येण्याची वेळ अवलंबून असते. जड प्रचक्रामुळे दट्ट्या धावेच्या टोकांवर अडकत नाही. बाष्पित्र बहुधा तांब्याचे असून त्याचे सांधे चांदीयुक्त डाखाने जोडतात. ते पेटविण्यापूर्वी थंड पाणी भरून नेहमीच्या दाबाच्या दुप्पट दाबाखाली तपासण्याची पद्धत आहे, कारण लहान बाष्पित्र फुटले तरी जीवघेणे ठरू शकते. सुरक्षा झडप व जलपातळीदर्शक काच ही अत्यावश्यक असतात. पहिली चाचणी पुष्कळदा संपीडित हवेवर घेतात.

महत्त्व : अर्देशीर यांच्या कारंज्याच्या एंजिनानंतरही भारतात लागणारी एंजिने दीर्घकाळ प्रामुख्याने ब्रिटनहून येत राहिली. अजमेर येथील रेल्वे कर्मशाळेत १८९५ मध्ये रेल्वे एंजिन तयार झाले. महाराष्ट्रात साताऱ्याच्या कूपर कारखान्याने व पुण्यास १९४६ मध्ये स्थापन झालेल्या किर्लोस्कर ऑइल एंजिन्सने डीझेल एंजिनांच्या उत्पादनास चालना दिली आणि शेतीसाठी पाणी उपसणारे एंजिन गावोगाव पोहोचले. १८३० नंतरच्या दशकात माझगावच्या एका बागेत जे काम एक अश्वशक्तीच्या एंजिनाने केले, तेच काम अशा रीतीने शंभराहून अधिक वर्षांनी सामान्य शेतकऱ्याच्या आवाक्यात आले. विद्या हाती येणे व तिचा उद्योग होणे यांमधील हे अंतर हस्तकौशल्याच्या अभावाने पडलेले नव्हते, हे टिटागढ व मुंबई येथील लघुएंजिनांवरून स्पष्ट होते.