कोल्हापूर जिल्ह्याचे हवामान व जीवसंहती

कोल्हापूर जिल्हा महाराष्ट्राच्या दक्षिण टोकाला, सह्याद्रीच्या माथ्यापासून कृष्णा नदीच्या खोऱ्यापर्यंत पसरलेला आहे. जिल्ह्याचे हवामान उष्णकटिबंधीय मोसमी प्रकारचे असले, तरी पश्चिमेकडून पूर्वेकडे पावसाचे प्रमाण झपाट्याने घटत जाते. त्यामुळे निमसदाहरित वने, जांभ्या खडकाचे सडे, पानझडी वने आणि काटेरी झुडपांचे माळ एकाच जिल्ह्यात आढळतात. विशिष्ट हवामानात वाढणाऱ्या वनस्पती व प्राण्यांच्या मोठ्या समुदायाला जीवसंहती म्हणतात. उत्तर गोलार्धातील थंड प्रदेशांत तैगाची सूचिपर्णी अरण्ये कोठे संपतात आणि टुंड्राचा वृक्षहीन प्रदेश कोठे सुरू होतो, हे मुख्यतः तापमानावर अवलंबून असते. कोल्हापुरात हे काम पाऊस करतो.

पर्जन्यमान

जून ते सप्टेंबर या काळात अरबी समुद्रावरून येणारे नैर्ऋत्य मोसमी वारे सह्याद्रीला अडतात. वर चढताना हवा थंड होते, तिच्यातील बाष्पाचे पाण्यात रूपांतर होते आणि घाटमाथ्यावर मुसळधार पाऊस पडतो. करूळ व भुईबावडा घाटांच्या माथ्यावरील गगनबावडा येथे वर्षाला साधारणपणे ५,००० मि.मी.हून अधिक पाऊस होतो. तेथून सुमारे ५५ कि.मी. पूर्वेला असलेल्या कोल्हापूर शहरात तो सुमारे १,००० मि.मी. असतो, तर पूर्व सीमेवरील शिरोळ तालुक्यात केवळ ५०० ते ६०० मि.मी. भरतो. माथा ओलांडून खाली उतरणारी हवा कोरडी होत जाते. त्यामुळे पूर्व भाग पर्जन्यछायेत येतो.

ऋतू व तापमान

मार्च ते मे हा उन्हाळा असतो. पूर्वेकडील सपाट भागात या काळात कडक ऊन असते, तर उंचीमुळे पन्हाळा व घाटमाथ्याचा परिसर तुलनेने थंड राहतो. एप्रिल-मे महिन्यांत वळवाचा पाऊस पडतो. हिवाळा सौम्य व कोरडा असतो.

जीवसंहती

निमसदाहरित वने : राधानगरी, शाहूवाडी, गगनबावडा, भुदरगड, आजरा व चंदगड तालुक्यांच्या पश्चिम भागात ही वने आहेत. अंजनी, जांभूळ, हिरडा व पिसा हे येथील प्रमुख वृक्ष होत. कारवीची झुडपे अनेक वर्षे वाढून एकाच हंगामात एकत्र फुलतात आणि त्यानंतर मरतात. गवा, बिबट्या, अस्वल, सांबर, भेकर व शेकरू हे प्राणी येथे आढळतात. गव्यांच्या संरक्षणासाठी १९५८ मध्ये दाजीपूर अभयारण्य स्थापन झाले. पुढे त्याचा विस्तार होऊन ते राधानगरी अभयारण्य म्हणून ओळखले जाऊ लागले. २०१२ मध्ये युनेस्कोने जागतिक वारसा यादीत घेतलेल्या पश्चिम घाटातील स्थळांत त्याचा समावेश आहे.

सडे : घाटमाथ्यावरील व डोंगरमाथ्यांवरील जांभ्या खडकाच्या पठारांना स्थानिक भाषेत सडा म्हणतात. पन्हाळ्याजवळचे मसाई पठार हे याच प्रकारचे आहे. येथे मातीचा थर फार पातळ असतो. पावसाळ्यात सडा पाण्याने भरतो आणि उन्हाळ्यात तापून कोरडा पडतो. वृक्षांना अशा जागी मूळ धरता येत नाही. मात्र पावसाळ्याच्या अखेरीस गेंद, तेरडा व सीतेची आसवे यांसारख्या अल्पायुषी वनस्पती फुलतात. मातीत नत्र कमी असल्याने सीतेची आसवे व दवबिंदू या वनस्पती कीटक व इतर सूक्ष्मजीव पकडून ती उणीव भरून काढतात.

पानझडी वने व माळ : मध्य भागातील डोंगरउतारांवर ऐन, किंजळ यांसारखे पानझडी वृक्ष आहेत. त्याच्या पूर्वेला गवताळ माळ व बाभूळ, बोर, हिवर यांची काटेरी झुडपे दिसतात. नदीकाठच्या काळ्या जमिनीत मात्र नैसर्गिक वनस्पतींची जागा प्रामुख्याने उसाने घेतली आहे.

पाणी व पूर

कासारी, कुंभी, तुळशी व भोगावती या नद्या पश्चिमेकडील पाऊस घेऊन पंचगंगेला मिळतात आणि पंचगंगा नरसोबाची वाडी येथे कृष्णेला मिळते. घाटमाथ्याचे पाणी कमी पावसाच्या पूर्व भागाला मिळावे, या दृष्टीने राजर्षी शाहू महाराजांनी भोगावतीवर राधानगरी धरणाचे काम सुरू केले. या धरणाला स्वयंचलित दरवाजे आहेत. नदीवर ठिकठिकाणी पाणी अडवणारे बंधारे राज्यभर ‘कोल्हापूर पद्धतीचे बंधारे’ म्हणून ओळखले जातात.

हाच प्रवाह पुराचेही कारण ठरतो. कृष्णेची पातळी वाढलेली असताना पंचगंगेच्या पाण्याचा निचरा मंदावतो. त्यामुळे स्थानिक पाऊस थांबल्यावरही शिरोळ तालुक्यातील गावे पाण्याखाली राहू शकतात. कोल्हापूरजवळील राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट ही इशारा पातळी व ४३ फूट ही धोका पातळी मानली जाते. २०१९ व २०२१ च्या महापुरांत पाणी ५५ फुटांच्या वर गेले होते.

संवर्धन

जांभ्या खडकात बॉक्साइटचे साठे असल्याने जिल्ह्यातील काही सड्यांवर खाणकाम झाले आहे. ओसाड दिसत असल्याने सडे पडीक जमीन समजले जातात. प्रत्यक्षात जांभा सच्छिद्र असतो. त्यात मुरलेले पावसाचे पाणी पायथ्याच्या झऱ्यांतून हळूहळू बाहेर पडते. खडकाचा हा थर काढल्यावर तेथे झाडे लावता आली, तरी मूळ सडा व त्यावरील वनस्पती परत येत नाहीत. त्यामुळे घाटमाथ्यावरील सडे व वने यांचे रक्षण हा केवळ वन्यजीवांचा प्रश्न नाही. त्या भागातून येणाऱ्या पाण्यावर पूर्वेकडील शेती व वस्तीही अवलंबून आहे.