दार-एस-सलामची बोली, पारोळ्याची बोली

१९९२ साली पारोळ्याच्या बाजारपेठेत माझं कॅसेट भरून देण्याचं दुकान होतं. गिऱ्हाईक चिठ्ठीवर गाण्यांची यादी आणून देई, मी ती कोऱ्या कॅसेटवर उतरवून देई. हा धंदा कायद्यात बसणारा नव्हता, हे आता कबूल करायला हरकत नाही. त्या वर्षी चिठ्ठ्यांवर बाबा सेहगलचं 'ठंडा ठंडा पानी' सारखं येऊ लागलं. माझे वडील दुकानात बसले की विचारायचे, "हा गातो आहे की भांडतो आहे?"

ते गाणं अमेरिकेतल्या व्हॅनिला आइसच्या १९९० मधल्या 'आइस आइस बेबी'वरून उचललेलं होतं. त्यानंही आपली सुरावट 'क्वीन' आणि डेव्हिड बोवी यांच्या गाण्यातून घेतली होती, म्हणजे माल मुळातच दुसऱ्याचा. पण बाबा सेहगलच्याही आधी, १९९१ मध्ये, टांझानियातल्या सालेह जाबिर या तरुणानं त्याच 'आइस आइस बेबी'वर स्वाहिली शब्द चढवले होते, हे मला कळायला पुढची वीस वर्षं लागली. कळलं त्या दिवसापासून एका प्रश्नानं मला धरलं. बी एकच, पेरणी जवळजवळ एकाच हंगामातली. मग तिथे दहा वर्षांत त्याचं रान कसं झालं, आणि इकडे ते इतकी वर्षं गंमत म्हणूनच का राहिलं?

मी कुठल्या विद्यापीठाचा माणूस नाही. स्वाहिली शिकलो ती शब्दकोश मांडीवर घेऊन, गाणी थांबवून थांबवून. ती भाषा वाटते तितकी परकी नाही. गाडीला तिथे 'गारी' म्हणतात, लाखाला 'लाकी', विम्याला 'बिमा', सरकारला 'सेरिकाली', हिशोबाला 'हेसाबू', आणि वेळेला 'वाकाती', म्हणजे आपला वखत. यांतले काही शब्द अरबी-फारसीतून दोन्हीकडे गेले, तर काही मुंबई-गुजरातच्या बंदरांतून गलबतांबरोबर थेट तिकडे उतरले.

१९६१ साली स्वतंत्र झालेल्या टांगानिकात सव्वाशेच्या आसपास भाषा होत्या. ज्युलियस न्येरेरे यांनी राज्यकारभाराला आणि प्राथमिक शाळेला स्वाहिली लावली. स्वतः शेक्सपियरचं 'ज्युलियस सीझर' स्वाहिलीत आणून १९६३ मध्ये छापलं. राष्ट्रप्रमुखानं रात्री बसून भाषांतर करावं, ही गोष्ट मला अजून नवलाची वाटते. माध्यमिक शाळा मात्र इंग्रजीतच राहिली. सरकारी नभोवाणीखेरीज दुसरं केंद्र नव्हतं, आणि मुख्य भूमीवर दूरचित्रवाणी आली ती थेट १९९४ मध्ये. खासगी रेडिओही त्याच सुमाराला सुरू झाला आणि त्याला रोज वाजवायला देशी माल हवा होता.

दार-एस-सलामची पहिली रॅपर पोरं इंग्रजी शिकलेली, बऱ्या घरांतली होती. १९९३ मध्ये जमलेला 'क्वान्झा युनिट' हा गट आधी इंग्रजीतच म्हणत असे. पण मोठा श्रोता स्वाहिलीत हसत होता, स्वाहिलीत चिडत होता. भाषेची घडणही मदतीला होती. स्वाहिलीतला शब्द स्वरावर संपतो आणि आघात शेवटून दुसऱ्या अक्षरावर पडतो. ठेक्यावर बोलायला याहून सोयीचं काय हवं! पुढे या संगीताला 'बोंगो फ्लेवा' असं नाव पडलं. 'बोंगो' म्हणजे मेंदू. डोकं चालवल्याशिवाय जगता येत नाही, म्हणून दार-एस-सलामलाच लोक 'बोंगो' म्हणू लागले होते.

मिस्टर टू उर्फ सुगू याचं १९९८ च्या सुमाराचं 'हाली हालिसी' मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा नावाचा अर्थ बघायला कोश उघडावाच लागला नाही. 'हाली' म्हणजे हाल, परिस्थिती. 'हालिसी' म्हणजे खालिस, अस्सल. खरी परिस्थिती! पोलीस, राजकारणी, रोजगार यांबद्दल ते गाणं बोलतं. २००१ मध्ये प्रोफेसर जे याचं 'न्दियो म्झे' आलं. त्यात निवडणुकीतला उमेदवार अशक्य आश्वासनं देत सुटतो आणि जमाव दर वेळी 'होय, बुजुर्ग' म्हणून मान डोलावतो. आपल्याकडच्या कुठल्याही प्रचारसभेत ते जसंच्या तसं शोभेल. सुगू २०१० मध्ये म्बेया शहरातून आणि प्रोफेसर जे २०१५ मध्ये मिकुमीतून विरोधी पक्षाचे खासदार म्हणून निवडून आले. २०१८ मध्ये राष्ट्राध्यक्षांच्या अवमानाबद्दल सुगूला तुरुंगवासही झाला.

आता इकडे. ठेक्यावर बोलणं आपल्याला नवं होतं का? पोवाडा आहे, आंबेडकरी जलसा आहे, अण्णा भाऊ साठ्यांची शाहिरी आहे. डफावर उभं राहून सत्तेला प्रश्न विचारायची रीत आपल्या घरात असताना रॅप आला तो हिंदी सिनेमाच्या दारातून, काळा चष्मा लावून, आणि आपण त्याला नातेवाईक म्हणून ओळखलंच नाही. मुंबईच्या वस्त्यांतली पोरं २०१३-१४ नंतर पुढे आली तीही मुख्यतः हिंदीत. 'स्वदेसी' या गटात एमसी मवाली मराठीतून म्हणू लागला. याच गटानं २०१९ मध्ये 'द वारली रिव्होल्ट' केलं, त्यात आरेच्या जंगलातले प्रकाश भोईर वारलीतून गातात. मला ते ऐकताना टांझानियातल्या अरुशाचा 'एक्स प्लास्टाझ' हा गट आठवतो. त्यांनी स्वाहिली रॅपमध्ये मसाई गायकाचा आवाज असाच मिसळला होता.

एप्रिल २०२३ मध्ये सत्तांतरावरच्या मराठी रॅपबद्दल राज मुंगसे या तरुणावर पोलिसांत गुन्हा दाखल झाला. मार्च २०१७ मध्ये टांझानियात नाय वा मितेगो याला सरकारवर टीका करणाऱ्या गाण्यासाठी अटक झाली होती. तिथल्या राष्ट्राध्यक्षांनी दुसऱ्याच दिवशी गाणं आपल्याला आवडल्याचं कळवून त्याला सोडायला लावलं. हे उदारपण की हुशारी, यावर मी फार विचार केला. मला ती हुशारीच वाटते, कारण त्याच सरकारनं इतरांना सोडलं नाही. पण गाण्याची दखल पोलीसठाण्यात घेतली गेली म्हणजे मराठी रॅप वयात आला, एवढं मात्र मी त्यावरून मानतो.

इथवर माझा हिशोब सरळ होता आणि तो मी बरीच वर्षं चुकीचा मांडत आलो. मी मनात स्वाहिलीला अहिराणीच्या जागी बसवत होतो. लोकांची बोली, तिला गाण्यानं प्रतिष्ठा दिली, तसंच आमच्या अहिराणीचं होईल, असं. पण स्वाहिली ही तिथली मराठी आहे! शाळेची, कचेरीची, वर्तमानपत्राची. तिच्या पायाखाली सुकुमा, हाया, चागा अशा कितीतरी भाषा दबल्या. आमच्या अहिराणीचे सगेसोयरे शोधायचे तर ते या दबलेल्यांत शोधले पाहिजेत.

ग्रिअर्सननं १९०७ मध्ये आपल्या भाषासर्वेक्षणात खानदेशीला मराठीच्या खंडात घेतलं नाही, भिली भाषांच्या शेजारी बसवलं. जनगणनेतही 'खानदेशी' स्वतंत्र मोजली जाते. २००१ मध्ये ती सांगणारे सुमारे २० लाख ७५ हजार होते, २०११ मध्ये सुमारे १८ लाख ६० हजार. दहा वर्षांत लेकरं वाढली आणि बोलणारे दोन लाखांनी घटले. हे लोक कुठे गेले? कुठेच नाही. त्यांनी गणकाला 'मराठी' असं सांगितलं. मीही तेच सांगितलं होतं. चौथीत असताना गुरुजींना 'माले येस' म्हणालो म्हणून मी वर्गाबाहेर उभा राहिलो होतो. आईशी अहिराणीत बोलणारा मी माझ्या मुलांशी मात्र कटाक्षानं 'शुद्ध' बोललो. ती मुलं आता पुण्यात आहेत आणि आजीचं बोलणं त्यांना अर्धंच कळतं.

त्या दबलेल्यांतून मला दोन दाखले सापडले. एक, टांगा गावचे 'वागोसी वा काया'. त्यांनी स्वाहिलीच म्हटली, पण आपल्या गावच्या हेलात, दार-एस-सलामला हसू येईल अशा. त्यांचं 'वाउगुझी' हे गाणं सरकारी दवाखान्यातल्या परिचारिकांच्या वागण्यावर आहे. दुसरा दाखला शेजारच्या केनियातला. गिडी गिडी माजी माजी या जोडीनं २००२ मध्ये 'अनब्वोगेबल' हे गाणं केलं. लुओ भाषेत 'ब्वोगो' म्हणजे घाबरवणं. त्याला इंग्रजीचं शेपूट आणि शिंगं लावून केलेला हा शब्द, अर्थ: ज्याला भिववता येत नाही असा. त्या डिसेंबरच्या निवडणुकीत तो विरोधी आघाडीचा नारा झाला. लुओ न येणारे लोकही सभांत तो ओरडत होते, आणि त्या निवडणुकीत चाळीस वर्षांची राजवट गेली.

अहिराणी गाणं मेलेलं नाही, उलट जोरात आहे. 'हाई झुमकावाली पोर' महाराष्ट्रभर वरातींत वाजलं, अहिराणी न येणाऱ्यांनी त्यावर नाच केला. मला त्याचा अभिमानच आहे, नाक मुरडणाऱ्यांतला मी नाही. पण नवरी, झुमका आणि वरात यांच्यापलीकडे अहिराणी गाण्याची धाव क्वचित जाते. २०२४ च्या फेब्रुवारीत शेजारी अमळनेरला ९७ वं साहित्य संमेलन झालं, त्याच वर्षी ऑक्टोबरात मराठीला अभिजात दर्जा मिळाला. त्या आनंदात आम्ही होतोच. घरी येऊन पुन्हा 'कसं शे?' म्हणालो.

माझा भाचा कापसाची शेती करतो आणि रात्री मोबाइलवर ठेके बनवतो. गेल्या पावसाळ्यात तो वही घेऊन आला. "मामा, हाई आयक," म्हणाला. पीकविम्यावर लिहिलं होतं. हप्ता वेळेवर कापला गेला, पैसे आले नाहीत, फोनवरचा माणूस मराठीतून 'आपली तक्रार नोंदवली आहे' एवढंच सांगतो, आणि हा त्याला अहिराणीतून उत्तर देतो. माझ्या पोटात काहीतरी हललं. मी त्याला दोष दाखवला तो कारागिरीचा. अहिराणीत मी करस, तू करस, तो करस. क्रियापद वाक्याच्या शेवटी येतं आणि 'स'चं यमक आयतं मिळतं, म्हणून लिहिणारा आळशी होतो. स्वाहिलीवाल्यांनाही ही सोय होती, त्यांनी ती मोडून ओळीच्या मध्ये यमक नेलं. त्याला चार गाणी ऐकवली. 'बिमा' हा शब्द ऐकून तो उडालाच.

मग त्यानं कामाचं विचारलं. हे नीट लिहायचं कसं? 'माझा' याला 'मना' लिहू की 'मन्हा'? मी माझ्याकडची अहिराणीची पुस्तकं काढली, त्यांत दोन्ही सापडलं. त्याच्या आजीला, म्हणजे माझ्या आईला, तोच शब्द पाच वेळा म्हणायला लावला. पाचही वेळा ती वेगळं म्हणाली आणि शेवटी चिडली. सध्या आमचं तिथेच अडलं आहे. वही माझ्या टेबलावर आहे, आणि वेचणी उरकली की तो परत येणार आहे.