चुन्याविना उभे राहिलेले देऊळ

सातारा जिल्ह्यात चंदन-वंदन या जोडकिल्ल्यांच्या पायथ्याशी किकली नावाचे गाव आहे. तिथे भैरवनाथाचे जुने दगडी देऊळ आहे. एका मंडपाला तीन गाभारे जोडलेले असल्याने ते ‘त्रिदल’ ठरते. अशा देवळाला आपण चटकन ‘हेमाडपंती’ म्हणतो. पण हे नाव कितपत खरे?

हेमाद्री ऊर्फ हेमाडपंत हा देवगिरीच्या महादेव (१२६१-१२७१) आणि रामचंद्र या यादव राजांचा मंत्री. आता अंबरनाथचे शिवमंदिर पाहा. तेथील शिलालेख शके ९८२ चा, म्हणजे इ. स. १०६० चा आहे. हेमाद्रीच्या मंत्रिपदाच्या दोनशे वर्षे आधीच ही बांधणी पूर्णत्वाला पोचली होती! म्हणजे शैलीला नाव मंत्र्याचे मिळाले आणि ती घडवणारे पाथरवट मात्र अनामिक राहिले.

त्यांची करामत कशात होती? या देवळांच्या दगडांच्या सांध्यांत चुना नाही. दगड घडवून, खाचा-कुसू पाडून एकमेकांत बसवलेले असतात आणि वरच्या वजनानेच ते जागच्या जागी राहतात. दगड दाब भरपूर सोसतो, ताण मात्र फारसा सोसत नाही. लांब तुळई म्हणूनच मधोमध तडकते. त्यामुळे खांब जवळजवळ उभारावे लागतात.

मग मंडपावर छत कसे घालायचे? एक युक्ती वर्गात करून पाहा. कागदावर चौरस काढा आणि बाजूंचे मध्यबिंदू जोडा. आतला चौरस तिरका आणि क्षेत्रफळाने निम्मा होतो. चार कोपऱ्यांवर चार त्रिकोणी शिळा ठेवल्या की हेच घडते. त्यांवर आणखी एक थर दिला की उघडी जागा पाव उरते. ती एका शिळेने झाकता येते. अनेक जुन्या मंदिरांची छते याच रीतीने घातलेली आहेत.

किकलीच्या देवळाच्या आवारात बरेच वीरगळ आहेत. ते खालून वर वाचायचे. सामान्यतः तळाशी लढाई किंवा पडलेला वीर, त्यावर त्याला स्वर्गात नेणाऱ्या अप्सरा, त्यावर शिवलिंगाची पूजा आणि माथ्यावर चंद्र-सूर्य असतात. चंद्र-सूर्य असेपर्यंत कीर्ती टिकावी, हा त्याचा अर्थ. तळाशी गाई कोरलेल्या असतील, तर तो वीर गोधन राखताना पडला असे समजावे. राजांच्या याद्यांत न सापडणारा गावाचा इतिहास असा दगडावर असतो.

पण हे दगड कुठे पायरीला लागतात, कुठे त्यांच्यावर तैलरंग चढतो, तर कुठे जीर्णोद्धारात सिमेंट फासले जाते. रंगाखाली गेलेले अक्षर पुढे वाचायचे कसे?

आपल्या गावच्या देवळाशी विद्यार्थ्यांना घेऊन जा. खांबांतील अंतर मोजा, वीरगळांची चित्रे काढा, त्यांच्या जागा नकाशावर मांडा. दगडांना धक्का न लावता केलेली ही वही उद्या कदाचित एकमेव नोंद ठरेल.